सेतूच्या पलीकडची वजाबाकी

नवरात्राचे नऊ दिवस फुलपाड्यात राहणाऱ्यास घड्याळाकडे पाहावे लागत नाही. रात्र सरण्यापूर्वीच गडाकडे निघालेल्या भाविकांची पावले वाजू लागतात, 'उदो उदो'चा गजर भिंतींवर येऊन आदळतो, आणि अंथरुणातल्या म्हाताऱ्या माणसालाही कळते की काल सातवी माळ चढली, आज आठवी. जीवदानीच्या पायऱ्या चढून वर गेले म्हणजे पायथ्याशी पापडखिंडीचे पाणी दिसते, पश्चिमेला विरारची दाटी दिसते, आणि तिच्याही पलीकडे आगाशी-अर्नाळ्याच्या वाड्या नि समुद्राची निळी रेघ. निरभ्र सकाळी त्या झाडीतून एखाद्या चर्चचा पांढरा माथाही डोकावतो. देवीच्या पायरीवर उभे राहून हा माथा पाहण्याची सवय आम्हां या भागातल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यात कुणास नवल वाटत नाही.

आज विजयादशमी. शस्त्रपूजन होईल, आपट्याची पाने वाटली जातील, थोरांच्या पाया पडून 'सोने घ्या, सोन्यासारखे राहा' म्हटले जाईल. संध्याकाळी सीमोल्लंघनास निघायचे, गावाची वेस ओलांडून यायचे, ही आपली जुनी रीत. आता गावाला वेस उरली नाही आणि फुलपाडा कुठे संपतो नि दुसरी वस्ती कुठे सुरू होते हेही सांगता येत नाही. तेव्हा या वर्षी सीमोल्लंघन थोडे दूरचे करावे असे मनात आले. ज्या लंकेचे नाव आज घरोघर निघेल, त्या लंकेपर्यंत.

लंका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सोन्याची नगरी येते, अशोकवन येते, जळते शेपूट येते. तेथे आजही माणसे राहतात, आणि त्यांतील लक्षावधी माणसे कपाळाला भस्म लावून शिवाची व स्कंदाची उपासना करतात, हे आपल्या ध्यानात क्वचितच येते. रामेश्वरच्या पुढे धनुष्कोडीच्या टोकावरून समुद्रात वाळूच्या बेटांची जी माळ जाते, तिलाच आपण रामसेतू म्हणतो. ती जेथे लंकेला टेकते त्या जागेचे नाव तलैमन्नार, आणि ते ज्या बेटावर आहे ते मन्नार. मधले अंतर जेमतेम तीस किलोमीटरचे. मन्नारच्या खाडीपलीकडे मुख्य भूमीवर मातोट्टम हे प्राचीन बंदर होते. मंदोदरीचे माहेर तेथले, अशी तिकडच्या लोकांची समजूत आहे. तेथेच तिरुकेतीश्वरम हे शिवस्थान आहे. लंकेतल्या पाच थोर शिवक्षेत्रांपैकी ते एक असून संबंदर आणि सुंदरर या तमिळ संतांनी त्याचे स्तवन गायिले आहे.

अशा त्या रामायणाच्या भूमीत, आपल्या काळात एक यादवी माजली. १९८३ पासून १८ मे २००९ पर्यंत सव्वीस वर्षे ती चालली. सिंहली बहुसंख्याकांचे सरकार एका बाजूला आणि तमिळांसाठी वेगळे राज्य मागणारी 'लिबरेशन टायगर्स' ही सशस्त्र संघटना दुसऱ्या बाजूला. आपले सैन्यही १९८७ ते १९९० या काळात शांतिसेना म्हणून तेथे गेले आणि सुमारे बाराशे जवान गमावून परत आले. त्यानंतर १९९१ च्या मे महिन्यात राजीव गांधींची हत्या झाली आणि आपण त्या बेटाकडे पाठ फिरवली. ते स्वाभाविकच होते. पण आपण पाठ फिरवल्यानंतर जवळजवळ अठरा वर्षे ती यादवी सुरूच राहिली. त्या काळात सेतूच्या त्या टोकाला जो एक मनुष्य उभा होता, त्याच्याविषयी हा लेख आहे.

त्यांचे नाव रायप्पू जोसेफ. ते मन्नारचे कॅथलिक बिशप होते. आपल्या वसईचे ख्रिस्ती बांधव ज्यांना महागुरुस्वामी म्हणतात, ते पद. १६ एप्रिल १९४० रोजी जाफन्याजवळच्या नेडुंतीवू नावाच्या लहानशा बेटावर त्यांचा जन्म झाला. १९६७ च्या डिसेंबरात ते धर्मगुरू झाले आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली त्यांची मन्नारचे बिशप म्हणून नेमणूक केली. मन्नारचा धर्मप्रांत १९८१ मध्ये स्थापन झाला होता, त्याचे हे दुसरे बिशप. २०१६ च्या जानेवारीत प्रकृतीच्या कारणाने ते निवृत्त झाले. म्हणजे त्यांच्या चोवीस वर्षांच्या कारकिर्दीतील सतरा वर्षे युद्धात गेली आणि उरलेली सात युद्धाचा हिशेब मागण्यात.

येथे वाचक मला थांबवतील हे मी जाणून आहे. आज दसऱ्याच्या पानावर बिशपचे चरित्र कशासाठी? तोही ज्या वसईने पोर्तुगीज अंमलाची दोन शतके भोगली, देवळे पडताना पाहिली, आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या तलवारीने जिचा श्वास मोकळा झाला, त्या वसईच्या मुलखात? प्रश्न रास्त आहे आणि त्यास बगल देण्याची माझी इच्छा नाही. उलट मी त्यात भर घालतो. ज्या पोर्तुगिजांना १५३४ च्या तहाने वसई मिळाली, त्यांनीच १५६० मध्ये मन्नार घेऊन तेथे किल्ला बांधला. तिरुकेतीश्वरमचे प्राचीन देऊळ त्यांनी पाडले आणि त्याचे चिरे त्या किल्ल्याला लावले, अशी तेथील हिंदूंची परंपरा सांगते. तेव्हा वसईच्या आणि मन्नारच्या जखमा एकाच हाताच्या आहेत. तसेच हेही सांगितले पाहिजे की त्याआधी १५४४ मध्ये जाफन्याच्या राजाने मन्नारच्या सहाशेच्या आसपास नवख्रिस्ती लोकांची कत्तल केली होती. आणि फार जुन्या गोष्टींत शिरण्याचेही कारण नाही. २०१९ च्या महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी तिरुकेतीश्वरमच्या वाटेवरील कमान काही कॅथलिक लोकांनी उखडून टाकली. बिशप जोसेफ तेव्हा निवृत्त होते, पण मंडळी त्यांच्याच धर्मप्रांतातली होती. युद्धात एकत्र होरपळलेली माणसे शांततेच्या काळात एका कमानीवरून भांडली, याचा मला फार विषाद वाटला.

इतके सगळे मान्य करूनही मी हा लेख लिहीत आहे, त्याचे कारण एक वजाबाकी आहे. तिच्याकडे येण्यापूर्वी मात्र एका देवीची गोष्ट सांगितली पाहिजे.

मन्नारच्या धर्मप्रांतात जंगलाच्या कुशीत मडू नावाचे ठिकाण आहे. तेथे मेरीमातेची एक लहानशी मूर्ती आहे. १६७० मध्ये डच लोकांनी कॅथलिकांचा छळ आरंभला (डचही ख्रिस्तीच, पण पंथ निराळा), तेव्हा मांतई येथील सुमारे वीस कुटुंबांनी आपली मूर्ती उराशी धरून रान गाठले. त्या रानातल्या झोपडीचे पुढे तीर्थ झाले. हे वाचताना गोव्याच्या वाचकांना आपल्याच घरची कथा ऐकल्यासारखे वाटेल. कुठ्ठाळीचा मंगेश असाच रातोरात प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची महालसा म्हार्दोळला गेली. देव कुणाचा का असेना, संकटसमयी भक्त आधी त्याला उचलतात आणि मग मुलांचा हात धरतात. मडूच्या मातेकडे केवळ ख्रिस्तीच जात नाहीत. तमिळ हिंदूंना ती अम्मन वाटते आणि सिंहली बौद्धांना पत्तिनी देवी. दर ऑगस्टच्या जत्रेत सगळ्यांची गर्दी लोटते.

त्या छळाच्या काळात लंकेतल्या निराधार कॅथलिकांना धीर देण्यास गेलेला धर्मगुरूही आपल्याकडचाच होता, हे जाता जाता सांगतो. गोव्यातील बाणावलीत १६५१ मध्ये जन्मलेले, मूळचे सांकवाळच्या घराण्यातले जोसेफ वाझ. १६८७ मध्ये ते मजुराच्या वेषात लंकेत उतरले, आणि त्यांना आश्रय दिला तो कँडीच्या बौद्ध राजाने. प्रथम हेर समजून बंदीत टाकले आणि मग माणूस ओळखून मोकळे सोडले.

परत मडूकडे वळू. यादवीच्या वर्षांत तेथे हजारो निर्वासित झाडाखाली संसार मांडून राहिले. मंदिराच्या आवारात शस्त्र घेऊन कुणी येऊ नये, ही निर्वेर भूमी असावी, असा आग्रह बिशप जोसेफ यांनी सरकारकडेही धरला आणि टायगर्सकडेही. १९९९ च्या २० नोव्हेंबरला रात्री त्या आवारात तोफगोळे पडले आणि आश्रयास आलेली चाळीसच्या आसपास माणसे मेली. गोळे कुणाचे, यावर दोन्ही बाजू परस्परांकडे बोट दाखवीत राहिल्या. पुढे २००८ च्या एप्रिलमध्ये लढाई पुन्हा दाराशी आली तेव्हा धर्मगुरूंनी मूर्ती उचलली आणि उत्तरेला तेवनपिट्टी येथे नेली. तीनशे अडतीस वर्षांनी मातेला पुन्हा वनवास घडला. त्याच वर्षी ऑगस्टच्या जत्रेपूर्वी ती परत आली.

या काळात बिशपपद म्हणजे काय असते याची कल्पना आपल्याला यावी म्हणून आणखी एक प्रसंग. १७ जून २००६ रोजी मन्नार बेटावरील पेसालै गावातील कोळी मंडळी गोळीबाराच्या भीतीने चर्चमध्ये जमली होती. बायका, पोरे, म्हातारी माणसे. त्या चर्चवर गोळ्या झाडल्या गेल्या, हातबाँब टाकला गेला. आत एक वृद्ध स्त्री ठार झाली, किनाऱ्यावर काही कोळी मारले गेले. गावकऱ्यांनी नौदलाचे नाव घेतले. नौदलाने ते नाकारले. बिशप त्या जागी गेले, लोकांशी बोलले, आणि गावकऱ्यांनी जे सांगितले ते त्यांनी उघडपणे जगाला सांगितले. मन्नारमध्ये त्या दिवसांत सैन्याविरुद्ध उघड बोलणे म्हणजे काय, हे त्यांच्या धर्मप्रांतातल्या धर्मगुरूंच्या कबरी सांगतात. १९८५ मध्ये वंकालै येथे एक धर्मगुरू मारला गेला होता. २००७ च्या सप्टेंबरात मदतीचे सामान घेऊन जाणारा एक तरुण धर्मगुरू रस्त्यावरच्या सुरुंगात गेला.

आता ती वजाबाकी.

युद्ध संपल्यावर सरकारने एक चौकशी आयोग नेमला. २०११ च्या जानेवारीत आयोग मन्नारला आला. बिशप जोसेफ आपल्या दोन सहकारी धर्मगुरूंसह त्याच्यापुढे गेले आणि त्यांनी एक लेखी निवेदन ठेवले. त्यात अनेक गोष्टी होत्या, पण जगाने लक्षात ठेवली ती एकच. ऑक्टोबर २००८ मध्ये वन्नी प्रदेशातील, म्हणजे जेथे शेवटची लढाई झाली त्या मुलखातील, लोकसंख्या सरकारी कचेरीच्या नोंदीप्रमाणे ४,२९,०५९ होती. लढाई संपल्यानंतर १० जुलै २००९ पर्यंत तेथून सरकारच्या ताब्यातील भागात आलेल्यांची संख्या २,८२,३८० होती. बिशपांनी दुसरी संख्या पहिलीतून वजा केली. बाकी उरली १,४६,६७९. ही माणसे कुठे आहेत, एवढेच त्यांनी विचारले.

ती मेली असे ते म्हणाले नाहीत. आकडे त्यांनी घरी तयार केले नव्हते, पहिला सरकारी दप्तरातला होता आणि दुसरा संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीतला. तिसरीतल्या मुलालाही जमेल असे हे गणित त्या देशात दीड वर्ष कुणी उघडपणे मांडले नव्हते, आणि ज्याने मांडले त्याला देशद्रोही, टायगर्सचा हस्तक, अशी विशेषणे मिळाली. २०१२ मध्ये गुन्हे अन्वेषण विभागाचे अधिकारी त्यांच्या निवासस्थानी येऊन जबाब घेऊन गेले.

या आकड्याविषयी सावधपणे बोलले पाहिजे. युद्धक्षेत्रातील कचेऱ्यांवर टायगर्सचा दाब होता आणि शिधा अधिक मिळावा म्हणून संख्या फुगवलेली असू शकेल, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदी निराधार म्हणता येणार नाही. उलट संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ च्या एप्रिलमध्ये नोंदवले की सरकारनेच अडकलेल्या लोकांची संख्या फार कमी धरली आणि अन्नऔषध त्याच हिशेबाने पाठवले. त्या समितीच्या मते शेवटच्या महिन्यांत चाळीस हजारांपर्यंत सामान्य नागरिक मेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. म्हणजे खरी बाकी बिशपांच्या आकड्याहून लहान असू शकेल. पण ती शून्य नाही, आणि शून्य नाही म्हटल्यावर हिशेब देणे भाग पडते. बिशपांचे सारे म्हणणे तेवढेच होते.

आता त्या बाकीत कोण होते याचा विचार करा. किलिनोच्ची आणि मुल्लैतीवू हे जिल्हे हिंदुबहुल आहेत. शेवटच्या लढाईत त्या किनाऱ्यावर जी माणसे कोंडली गेली, त्यांतील बहुसंख्य शैव हिंदू होती. त्यांच्या घरांत सुब्रह्मण्याची तसबीर होती, नवरात्रात त्यांच्याकडेही नऊ रात्री देवीची पूजा होत होती. आपण वसईत, पुण्यात, नागपुरात दसऱ्याचे सोने वाटत होतो तेव्हा आपल्या या सधर्मी लोकांची मोजणी एक कॅथलिक बिशप करीत होता. धर्माभिमान या शब्दाचा आपण जो अर्थ करतो, त्यात ही मोजणी कुठे बसते, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडीत नाही.

आपल्या परंपरेला अशी मोजणी परकी आहे असे कुणी समजू नये. महाभारतात स्त्रीपर्व नावाचे एक लहानसे पर्व आहे. पुष्कळ घरांत ते वाचलेच जात नाही, कारण त्यात केवळ रडणे आहे असे म्हणतात. युद्ध संपले आहे. गांधारी रणभूमीवर एकेका मुलाचे, नातवाचे, जावयाचे प्रेत ओळखीत फिरली आहे. मग धृतराष्ट्र युधिष्ठिराला विचारतो, किती मेले ते तुला ठाऊक आहे काय? आणि विजेता युधिष्ठिर उत्तर देतो. तो मृतांचा आकडा सांगतो, अब्जावर जाणारा. पण तेथेच थांबत नाही. जे दिसेनासे झाले त्यांचा आकडा तो वेगळा सांगतो: चोवीस हजार एकशे पासष्ट. अब्जांच्या त्या हिशेबात शेवटच्या पाचांचाही विसर पडू दिलेला नाही. मग धृतराष्ट्र पुढचा प्रश्न विचारतो, ज्यांचे मागे कुणी उरले नाही त्यांच्या अंत्यसंस्काराचे काय? तेव्हा युधिष्ठिर विदुर, संजय, धौम्य, सुधर्मा आदींना आज्ञा देतो की कुणाचेही शरीर अनाथासारखे पडू नये. चंदन, तूप आणि मोडलेल्या रथांची लाकडे गोळा होतात आणि आपले-परके न पाहता सर्वांना अग्नी दिला जातो. रामायणातही रावण पडल्यावर बिभीषण त्याचे संस्कार करण्यास कचरतो, तेव्हा वैर मृत्यूपर्यंतच असते असे रामच त्याला समजावतो. आज ज्याचा वध आपण साजरा करतो, त्याचे और्ध्वदेहिक रामाने करवून घेतले होते.

लंकेच्या विजेत्यांना हिशेब मागणारा धृतराष्ट्र नव्हता. मागितला तो बिशपाने.

या मनुष्यात दोष नव्हते काय? होते, निदान मला तसे वाटते. टायगर्सनी शाळकरी मुलामुलींना बळजबरीने हाती बंदूक दिली. शेवटच्या महिन्यांत पळून जाऊ पाहणाऱ्या आपल्याच लोकांवर त्यांनी गोळ्या झाडल्या आणि त्यांना ढालीसारखे वापरले, हे संयुक्त राष्ट्रांच्या त्याच समितीने नोंदवले आहे. १९९० च्या ऑक्टोबरात त्यांनी उत्तर प्रांतातून पाऊण लाखाच्या आसपास मुसलमानांना हुसकावून लावले. मन्नारचे मुसलमानही त्यांत होते. बिशप जोसेफ यांच्या जाहीर बोलण्यात सरकारवरचा रोख जितका ठळक असे तितका टायगर्सवरचा नसे, अशी तक्रार त्यांच्याविषयी झाली. परतणाऱ्या मुसलमानांच्या पुनर्वसनाच्या प्रश्नातही त्यांच्या भूमिकेविषयी कटुता निर्माण झाली होती. त्यांचे चाहते म्हणतात की बंदुकीखालच्या लोकांमध्ये राहणाऱ्याला बोलण्यापूर्वी त्या लोकांच्या जिवाचा विचार करावा लागतो. तेही खरे. पण विदुराची कसोटी लावायची तर ती दोन्ही बाजूंनी लावली पाहिजे. विदुर कौरवांच्या घरचे अन्न खात होता आणि कौरवांनाच सुनावीत होता. बिशपांनी आपल्या माणसांनाही तितकेच कठोरपणे सुनावले असते तर त्यांच्या वजाबाकीला सिंहली घरांतही कान मिळाले असते, असे माझे मत आहे. कदाचित दुरून असे म्हणणे सोपे असेल.

मात्र एक गोष्ट त्यांच्या विरोधकांनाही नाकारता आली नाही. हरवलेल्यांच्या आया त्यांच्याकडे येत आणि त्या कोणत्या देवळात जातात हे ते विचारीत नसत. २०१३ च्या डिसेंबरात पाण्याची नळी टाकताना तिरुकेतीश्वरमच्या परिसरात मानवी हाडे निघाली. खणता खणता सांगाड्यांची संख्या ऐंशीच्या वर गेली. ते कुणाचे, कोणत्या काळचे, यावर वाद झाला. शिवक्षेत्राच्या वाटेवरच्या त्या हाडांसाठी निःपक्ष चौकशीची मागणी करणाऱ्यांत बिशप जोसेफ पुढे होते. जिनिव्हाच्या मानवाधिकार परिषदेला पत्रे लिहिणाऱ्या धर्मगुरूंतही ते अग्रभागी होते.

१४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस लंकेत होते. त्या दिवशी सकाळी कोलंबोत त्यांनी आपल्या गोव्याच्या जोसेफ वाझ यांना संतपद दिले आणि दुपारी ते मडूला आले. साडेतीन शतकांपूर्वी रानात पळून गेलेल्या त्या मूर्तीसमोर तमिळ आणि सिंहली दोघेही बसले होते. आपल्याकडे मकरसंक्रांतीचे दिवस होते ते. पुढे वर्षभराने, त्याच तारखेला, बिशपांची निवृत्ती जाहीर झाली. पक्षाघाताने त्यांचे शरीर थकले होते.

हिंदू संतांचा आणि ख्रिस्ती महागुरूंचा संबंध आपल्या वसईला नवा नाही. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तेव्हा त्याचे पहिले बिशप झालेले थॉमस डाबरे हे भुईगावचे. त्यांनी आपला विद्यावाचस्पती पदवीचा प्रबंध तुकोबांच्या देवानुभवावर लिहिला आहे. आणि १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर चिमाजी आप्पांनी हरलेल्या पोर्तुगिजांना आपली चीजवस्तू घेऊन मानाने जाऊ दिले. तेथील चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या त्या वितळवल्या नाहीत. भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या आजही टांगलेल्या दिसतात आणि वाजतात. विजयाची ही रीत आपल्या पूर्वजांची आहे. विजयादशमीला तिची आठवण केली तर त्यात बिघडले कुठे?

राहिला प्रश्न त्या १,४६,६७९ चा. त्याचे उत्तर लंकेच्या कोणत्याही सरकारने आजवर दिलेले नाही. हरवलेल्यांसाठी कार्यालय स्थापण्याचा कायदा २०१६ मध्ये झाला. २०१७ च्या फेब्रुवारीत किलिनोच्चीच्या कंदस्वामी देवळाजवळ आया धरणे धरून बसल्या. हातात मुलाचे, नवऱ्याचे छायाचित्र. मृत्यूचा दाखला घ्या, नुकसानभरपाई घ्या, असे त्यांना सांगितले गेले. दाखला त्यांनी घेतला नाही. दाखला घेणे म्हणजे आपणच आपल्या मुलाला मारणे, असे त्यांना वाटते. त्यांतील कित्येक जणी वाट पाहता पाहता गेल्या.

हिंदू घरात अशा बाईची अवस्था काय होते ते वेगळे सांगायला नको. नवरा आहे म्हणावे तर तो नाही, नाही म्हणावे तर कुंकू पुसायचे कसे? श्राद्ध घालावे तर तिथी कोणती? आपल्या धर्मशास्त्राने या माणसांचाही विचार केला आहे. जो परागंदा झाला आणि ज्याची वार्ता नाही, त्याची बारा वर्षे वाट पाहावी, मग पळसाच्या पानांची त्याची प्रतिकृती करून तिला अग्नी द्यावा, असा विधी सांगितला आहे. बारा वर्षे! २००९ च्या मे महिन्यात हरवलेल्यांची बारा वर्षे २०२१ च्या मे महिन्यात पुरी झाली. बिशप रायप्पू जोसेफ त्याच वर्षी १ एप्रिलला वारले. मन्नारच्या सेंट सेबॅस्टियन कॅथेड्रलमध्ये त्यांना मूठमाती देण्यात आली.

यंदा सर्वपित्री अमावास्येला आमच्या अंगणात तर्पण चालले होते. ज्यांना पुत्र नाही, ज्यांचे नाव-गोत्र ठाऊक नाही, त्यांच्यासाठीही शेवटी पाणी सोडतात, ती वेळ आली. मी गुरुजींना विचारले, लंकेतल्या या माणसांसाठी एक ओंजळ सोडू का? त्यांनी सगळी हकिकत शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाले, "बारा वर्षं झाली हे खरं. पण माणूस गेला हे ठरवायचा अधिकार घरच्यांचा. घरची आई जर अजून वाट बघत बसली असेल, तर आपण परक्यांनी पाणी सोडायचं नाही."

मी हातातले तीळ पुन्हा वाटीत ठेवले.